मुंबई इलाख्यातील मद्यपान आणि पिणाऱ्याचा स्वतःचा निर्णय

मद्यपानाच्या इतिहासाचा आपल्याकडे जो काही अभ्यास झाला आहे तो प्रामुख्याने दोन बाजूंनी झालेला आहे. एक बाजू महसुलाची. अबकारीचे उत्पन्न किती, मक्ते कोणास दिले, कर केव्हा वाढला, हे प्रश्न तीत येतात. दुसरी बाजू चळवळीची. मद्यपाननिषेधाच्या सभा, गुत्त्यांवरील निरोधने, कायदेमंडळांतील ठराव हा तिचा विषय. या दोन्ही बाजूंत पिणारा मनुष्य असतो खरा. परंतु तो पहिल्या बाजूत खपाच्या आकड्याच्या रूपाने आणि दुसरीत उपदेशाच्या विषयाच्या रूपाने. आपण किती पितो, आहे त्याहून कमी प्यावी काय, हा विचार त्याच्या स्वतःच्या मनात केव्हा आला, आणि आला तर त्याची खूण आपल्या कागदपत्रांत कोठे उमटली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात पेशवाईच्या उत्तरार्धापासून १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापर्यंत आणि त्याच्या पुढील परिणामांपर्यंत या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की हा शोध फारसा फलदायी होत नाही, आणि तो का होत नाही हेच येथे महत्त्वाचे आहे. सरकारी दप्तरात मद्यपी दोनच रूपांत भेटतो : ज्याला पिल्यावाचून राहवत नाही तो, आणि ज्याने पिणे सर्वस्वी सोडले तो. या दोहोंच्या मध्ये जी फार मोठी वस्ती असली पाहिजे, म्हणजे सणावारी पिणारे, आठवड्याच्या बाजाराला पिणारे, पूर्वी फार पीत असून आता थोडी पिणारे, तिच्यासाठी दप्तरात रकाना नाही. ‘कमी’ हा शब्द कागदपत्रांत येतो. परंतु तो पिणाऱ्याचा म्हणून क्वचितच येतो.

पेशवाईपासून आरंभ करू. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिलेल्या निबंधात मद्यासंबंधीच्या हुकुमांचा सारांश दिलेला आहे. दारू गाळणे व विकणे यांस सरकारची सामान्यतः मनाई होती. तथापि १७३९ साली वसई व आसपासचा मुलूख पोर्तुगिजांकडून मराठ्यांच्या हाती आला तेव्हा या मनाईस अपवाद करणे भाग पडले. किनाऱ्यावरील भंडारी, कोळी इत्यादी जातींनी, आम्हांस या पेयावाचून चालत नाही, असा अर्ज केला आणि तो मान्य झाला. पेशव्यांच्या तोफखान्यावरील ख्रिस्ती गोलंदाजांनाही अशीच सवलत होती. उलट ब्राह्मण, शेणवी, प्रभू आणि सरकारी कामगार यांस मद्य पूर्णतः वर्ज्य होते. नाशिकच्या काही धर्माधिकाऱ्यांवर मद्यपानाचा संशय आला व ते ऐकेनात, तेव्हा त्यांची रवानगी किल्ल्यांवर कैदेत झाली.

या हुकुमांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. मद्य पिण्याचा अधिकार येथे कोणासही दिलेला नाही. दिलेली आहे ती सवलत, आणि तीही असमर्थतेच्या आधारावर. ‘आम्हांस चालत नाही’ हे वाक्य उच्चारणारालाच पिता येते. हे वाक्यही व्यक्ती उच्चारीत नाही, जात उच्चारते. भंडाऱ्यांपैकी एखाद्यास मद्यावाचून उत्तम चालत असेल, किंवा प्रभूंपैकी एखाद्यास मुळीच चालत नसेल, या शक्यतेची दखल हुकूम घेत नाही.

याच निबंधात एक नोंद मात्र निराळ्या जातीची आहे. खेड तालुक्यातील एका सधन मराठा पाटलास त्याच्या दारूबाजीबद्दल प्रथम ताकीद देण्यात आली. ताकिदीचा उपयोग होत नाही असे दिसून आल्यावर त्याची निम्मी इनाम जमीन सरकारात जप्त झाली. नोंद एवढीच आहे. तथापि ताकीद आणि जप्ती यांच्या दरम्यान जो काही काळ गेला असेल, त्या काळात त्या पाटलासमोर एक व्यक्ती म्हणून निर्णयाचा प्रश्न उभा होता हे उघड आहे. त्याने काही दिवस सोडून पाहिली असेल, थोडी केली असेल, अथवा हुकुमाला भीक घातली नसेल. सरकारला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ताकीद निष्फळ झाली एवढे लिहून कारकुनाने पुढचे पान उलटले. जातीच्या अर्जावर जेवढी शाई खर्च झाली तेवढीही या मनुष्याच्या वाट्याला आली नाही.

इंग्रजी अमलात परिस्थिती पालटली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. तत्पूर्वी ठाणे, कुलाबा, सुरत या जिल्ह्यांत मोहाची दारू घरोघर वा गावोगाव गाळली जाई व ताडमाडांवर कर असला तरी तो हलका असे. नव्या व्यवस्थेत ज्या झाडाला छेद द्यावयाचा त्या प्रत्येक झाडावर जबर कर बसला, घरची भट्टी गुन्हा ठरली, दारू मध्यवर्ती कारखान्यांत गाळली जाऊन तेथेच तिच्यावर कर आकारला जाऊ लागला, आणि विक्री मक्तेदारांच्या गुत्त्यांतून होऊ लागली. उरणच्या भट्ट्यांची भरभराट याच व्यवस्थेतील. पुढे १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या फुलाचा उपयोग डोंगरातील माणूस दुष्काळात अन्न म्हणून करी, ते घरात ठेवणे त्याला अडचणीचे झाले.

या व्यवस्थेचे समर्थन सरकार एका सूत्राने करीत असे : कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल. येथे ‘कमी’ हा शब्द प्रथमच धोरणाच्या भाषेत आला. किंमत वाढविली म्हणजे माणूस आपोआप कमी पिईल, आणि जो पिईल तो अधिक कर देईल, अशी ही विचारसरणी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तिच्यात पिणाऱ्याच्या विचाराला जागा नाही. त्याच्या खिशाला तेवढी आहे. शिवाय खप कमी झाला हे ठरवावयाचे कशावरून, तर परवान्याच्या दुकानांत विकल्या गेलेल्या गॅलनांवरून. घरातील मडक्यात, रानातील ओढ्याकाठी जे गाळले गेले ते हिशेबात येत नव्हते. अबकारी अहवालांतील घटत्या आकड्यांवरून लोकांची सवय घटली असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने ही गोष्ट विसरता कामा नये.

एक तुलना येथे उद्बोधक होईल. याच सुमारास इंग्लंडात फ्रान्सिस ॲन्स्टी या वैद्याने निरोगी प्रौढ मनुष्याने दिवसास दीड औंस शुद्ध मद्यार्काहून अधिक घेऊ नये अशी मर्यादा सुचविली होती, व ती त्याच्या नावाने प्रसिद्ध पावली. तिच्या शास्त्रीय मूल्याचा प्रश्न निराळा. अशा मर्यादा सतत बदलत आल्या आहेत; ब्रिटनमध्ये १९८७ साली सांगितलेली मर्यादा २०१६ साली पुरुषांसाठी आणखी खाली आणण्यात आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये निर्धोक अशी कोणतीच मात्रा नाही असे सांगितले. महत्त्व आहे ते या गोष्टीचे की, एका व्यक्तीने आपल्या पेल्याकडे पाहून ‘हे मापात आहे काय’ असे स्वतःस विचारण्याची एक रीत तेथे निर्माण झाली होती. मुंबई इलाख्यात त्याच काळी माप होते, परंतु ते अबकारी दरोग्याच्या हाती.

या स्थितीवर एतद्देशीयांकडून जी टीका झाली तिचे दोन प्रवाह दिसतात. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी हरकत घेतली. त्यांचा रोख पिणाऱ्याच्या पापावर नव्हता. दुकान दाराशी आले म्हणजे गरिबाच्या संसाराची राखरांगोळी कशी होते, यावर होता. दुसरा प्रवाह विलायती धर्तीच्या मद्यपाननिषेधक मंडळांचा. पार्लमेंटचे सभासद केन यांच्या खटपटीने १८८८ साली स्थापन झालेल्या अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशनच्या प्रेरणेने अशी मंडळे गावोगाव निघाली. त्यांचे मुख्य साधन म्हणजे शपथपत्र. ‘मी आजन्म मद्याला स्पर्श करणार नाही’ या अर्थाच्या मजकुराखाली सही करावयाची. थोडे घेण्याची शपथ नसे. १९०८ साली पुण्यात स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे उभे राहून निरोधन केले, त्यातही पिणाऱ्याला करावयाची विनंती एकच होती : आत जाऊ नका.

सोडणे आणि न सोडणे यांखेरीज तिसरी वाट नाही, ही समजूत सुशिक्षित मराठी समाजात किती खोल रुजली होती हे आपल्या नाट्यवाङ्मयावरून समजते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘मूकनायक’, खाडिलकरांचे १९१३ सालचे ‘विद्याहरण’ आणि गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ या तिन्ही नाटकांत मद्यपानाचा विषय आहे. ‘विद्याहरणा’तील मूळ कथा महाभारतातली. मद्याच्या धुंदीत आपण शिष्याचीच राख प्राशन केली हे कळल्यावर शुक्राचार्य स्वतःपुरता पश्चात्ताप करून थांबत नाहीत. सर्व ब्राह्मणांस ते मद्य वर्ज्य ठरवितात. एकाची चूक आणि सर्वांना निषेध! आपल्याकडील मद्यविषयक कायद्यांचे सूत्र शोधू जाणाऱ्याने या कथेकडे दुर्लक्ष करू नये.

‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या नावातच मर्यादेचा उपहास आहे. वकिलीची सनद तात्पुरती गेल्याच्या दुःखात सुधाकर तळीरामाच्या सांगण्यावरून पहिला प्याला घेतो, आणि एकच म्हणून घेतलेला तो प्याला एक राहत नाही. या नाटकाचे इतिहासाच्या दृष्टीने खरे मोल मात्र मधल्या भागात आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो काही काळ पाळतोही, आणि मग नोकरीच्या शोधात जुन्या प्रतिष्ठित परिचितांकडे गेला असता त्यांच्याकडून अपमान पदरी पडल्यामुळे पुन्हा पेल्याकडे वळतो. निश्चय मोडतो तो मनाच्या दुबळेपणाने जितका, तितकाच सुधारलेल्या माणसाला जागा न देणाऱ्या समाजामुळे. प्रेक्षकांनी सिंधूच्या हालांवर अश्रू ढाळले आणि तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला हसून दाद दिली. या मधल्या प्रसंगाकडे मात्र टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिले असे वाटत नाही. मराठीत एका व्यक्तीच्या निर्णयाचा आणि त्याच्या मोडण्याचा इतका बारकाईने केलेला आलेख त्यापूर्वी क्वचितच आढळेल. तो कल्पित आहे ही गोष्ट खरी. परंतु खऱ्या माणसाचा असा आलेख दप्तरात मिळत नसल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकालाही त्याकडेच वळावे लागते.

यानंतर १९२२ हे साल येते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. त्या एका वर्षात ‘कमी’ करण्याचे दोन प्रयोग याच इलाख्यात झाले : एक सरकारचा, एक लोकांचा.

सरकारचा प्रयोग थोडक्यात सांगता येईल. गुत्त्यांना पुरविल्या जाणाऱ्या देशी दारूचे प्रमाण बांधून देण्यात आले आणि ते मुंबई शहरात दरसाल शेकडा १० व इतरत्र शेकडा ५ या मानाने उतरवीत न्यावे असे ठरले. म्हणजे प्रत्येक पिणाऱ्याने नव्हे, तर प्रत्येक गुत्त्याने कमी करावयाचे. बेकायदा भट्ट्यांना त्यामुळे ऊत आला आणि ही योजना फार काळ टिकली नाही.

लोकांचा प्रयोग मात्र विस्ताराने पाहण्यासारखा आहे. तो ‘देवी’ची चळवळ या नावाने ओळखला जातो, आणि डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे त्याचा तपशील अभ्यासकांस उपलब्ध झाला आहे. १९२२ च्या आरंभी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघरकडील कोळ्यांमध्ये, देवीच्या साथीच्या निवारणासाठी सलाबाई नावाच्या देवीची आराधना सुरू झाली. गावागावांतून पुढे सरकत ती घाट ओलांडून नाशिक जिल्ह्यात व डांगांत गेली, आणि वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्हा व बडोदे संस्थानातील आदिवासी भागात पोहोचली. गावाबाहेर मांडव पडे, आसपासच्या गावांचे लोक जमत, काहींच्या अंगात देवी येई आणि तिच्या मुखाने आज्ञा होत. दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज स्नान करा, घरदार स्वच्छ ठेवा, आणि पारशी गुत्तेदारांशी व्यवहार ठेवू नका, या त्यांतील मुख्य आज्ञा. लोकांनी आपल्या कोंबड्या व बकऱ्या विकल्या किंवा सोडून दिल्या. गुत्ते ओस पडले.

या चळवळीचा अर्थ लावताना दोन चुका संभवतात. पहिली, तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे. ज्या भागात गुत्तेदार हाच सावकार आणि पुष्कळदा जमीनदारही होता, तेथे दारू सोडणे म्हणजे त्याच्या दाराशी जाण्याचे एक कारण नाहीसे करणे होते. १८७८ च्या कायद्याने घरची भट्टी मोडून ज्याला गुत्त्यावर आणून उभे केले, तो माणूस चव्वेचाळीस वर्षांनी तेथून पाठ फिरवून निघाला, असेच या घटनेचे वर्णन केले पाहिजे. दुसरी चूक, तिला गांधीवादी प्रचाराचे फळ समजणे. काँग्रेसचे कार्यकर्ते तेथे पोहोचले ते चळवळ पसरल्यावर. खादी व चरखा या गोष्टी देवीच्या आज्ञांत मागाहून आल्या. जानेवारी १९२३ मध्ये शेखपूर येथे कस्तुरबा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, ती आधीच झालेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब करणारी होती.

निर्णय कोणाचा होता, हा आपला मूळ प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. बाह्यतः तो देवीचा होता, व्यवहारतः गावाचा. एकट्याने सोडली असती तर लग्नकार्यात, पितरांच्या विधीत, पाहुण्यांच्या आगतस्वागतात त्याची कुचंबणा झाली असती, कारण या प्रत्येक प्रसंगी मद्य हे केवळ पेय नसून देणेघेणे होते. सर्वांनी मिळून सोडल्यामुळे कोणालाच कोणापुढे ओशाळावे लागले नाही. देवीची आज्ञा हे प्रत्येकाला सांगता येण्याजोगे कारण होते. ‘मला नको’ असे म्हणण्यापेक्षा ‘देवीला नको’ असे म्हणणे सोपे असते, आणि त्यामुळे म्हणणाऱ्याची स्वतःची इच्छा खोटी ठरत नाही.

तरी खरी परीक्षा पुढेच झाली. गुत्तेदारांकडून दडपण आले, देवीचा प्रथम आवेश ओसरला, आणि १९२३ नंतर आदिवासी समाजात दोन पक्ष पडले. ज्यांनी वर्ज्य केली ते ‘वरजेला’. आणि ईश्वराने सर्जिले तसेच राहावे असे म्हणणारे ते ‘सरजेला’. दोन्ही पक्षांत बेटीव्यवहारापर्यंत दुरावा आला. येथेही समाजाने आपल्या माणसांना दोनच नावे दिली हे पाहिले म्हणजे दप्तराला एकट्याला दोष देता येत नाही. तथापि सरजेला म्हणून गणल्या गेलेल्यांत पूर्ववत पिणारे किती आणि केवळ ताडीवर आलेले किती, असा भेद केला पाहिजे. ताडी झाडाची, आपल्या शेताच्या बांधावरची, पोटाला काही आधार देणारी. दारू गुत्त्याची आणि उधारीची. पुन्हा ताडी घेऊ लागलेला पण गुत्त्याची पायरी न चढणारा मनुष्य ‘चळवळीतून गळालेला’ अशा सदरात जातो. माझ्या मते तो तेथे जाऊ नये. देवीने जे मागितले त्याच्यापेक्षा कमी, आणि गुत्तेदाराने जे मागितले त्याच्याहूनही कमी, असे काहीतरी त्याने केले. या लेखाच्या आरंभी ज्या मधल्या वस्तीचा उल्लेख केला तिचे दर्शन येथे क्षणभर होते.

पुढे १९३८ साली पश्चिम खानदेशात तळोद्याकडील मोरवडच्या गुलाम महाराजांनी परस्परांस ‘आप’ म्हणावे व दारू सोडावी असा उपदेश केला, आणि त्यांच्याभोवती हजारो भिल्ल जमू लागले. तेथेही सन्मान आणि संयम या दोन गोष्टी एकत्रच आल्या. त्याची चिकित्सा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

कायदेमंडळात हा प्रश्न निराळ्याच रूपाने वावरत होता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ सालच्या अर्थसंकल्पावर बोलताना दाखवून दिले की, इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. या एका तुलनेत सरकारच्या ‘कमीत कमी खप’ या सूत्राचे जेवढे परीक्षण झाले तेवढे कित्येक ठरावांत झाले नसेल. १९३७ साली अधिकारावर आलेल्या खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिल्याने तो प्रयोग अपुरा राहिला व स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एप्रिल १९५० मध्ये संपूर्ण राज्यात दारूबंदी झाली.

या कायद्यातील ४० वे कलम आपल्या दृष्टीने कळीचे आहे. विदेशी मद्य बाळगण्याचा व पिण्याचा परवाना कोणास मिळावा हे त्यात सांगितलेले होते. अर्जदार भारताचा नागरिक असेल तर मद्य न मिळाल्यास त्याच्या प्रकृतीस गंभीर व कायमचा अपाय होईल, ही अट होती. तो नागरिक नसेल तर ज्या देशात अशा मद्याचे सेवन सर्वसामान्यपणे होते तेथे तो जन्मलेला, वाढलेला अथवा तेथील रहिवासी असावा, अशा स्वरूपाची अट होती. म्हणजे परकीयाला सवय हे कारण पुरे. स्वकीयाने आजारी असले पाहिजे. वसईच्या भंडाऱ्यांचा अर्ज आणि तोफखान्यावरील ख्रिस्ती गोलंदाजांची सवलत ज्याला आठवत असेल त्याला हे कलम वाचून नवल वाटणार नाही. दोन शतकांच्या अंतराने त्याच दोन सवलती पुन्हा लिहिल्या गेल्या, फक्त जातीच्या जागी वैद्यकीय दाखला आला. कलमात उल्लेख होता तो विदेशी मद्याचा; त्यामुळे मोहाची किंवा देशी पिणाऱ्या गिरणी कामगाराला आजारी पडण्याचीही सोय नव्हती.

फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्यास आव्हान दिले व २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी आणि अन्य काही तरतुदी न्यायालयाने रद्द ठरविल्या. दारूबंदीचा गाभा वैध ठरला. या निर्णयाची चर्चा घटनाशास्त्राच्या वर्गात नेहमी होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या वादात कोणत्याच पक्षाने मांडला नाही असा एक मुद्दा उरतो. ४० व्या कलमाने नागरिकाला स्वतःविषयी जे विधान करावयास लावले त्याचा परिणाम काय? ज्याला आपली सवय थोडी आहे असे प्रामाणिकपणे वाटत होते त्याला परवाना मिळण्याजोगा नव्हता. परवाना हवा असेल तर आपण मद्यावाचून जगू शकत नाही असे दाखवावे लागे. कमी पिणाऱ्याला कायद्याने एकतर व्यसनी व्हावयास सांगितले किंवा गुन्हेगार.

१९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने या अटी सैल केल्या. गुजरातने त्या कायम ठेवल्या, आणि तेथील आरोग्य परवान्यात वाढत्या वयाबरोबर मासिक मात्रा वाढत जाते ही मौजेची गोष्ट आहे. महाराष्ट्रात तोच १९४९ चा कायदा नाव बदलून आजही अमलात आहे. एक दिवसाचा, एक वर्षाचा अथवा आजीव परवाना घेतल्याखेरीज मद्य पिणे आजही नियमाविरुद्ध आहे, जरी दुकानात तो विचारणारा विरळा. रस्तोरस्ती दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्या ४० व्या कलमाची वंशज होय. दुसरीकडे वर्धा, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत संपूर्ण बंदी आली, आणि अन्यत्र ‘उभी बाटली-आडवी बाटली’ या मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार गावातील स्त्रियांना मिळाला. ज्या घरात पिणाऱ्याचे पाप पत्नीने भोगावयाचे, तेथे तिच्या हाती मत यावे हे न्याय्यच आहे. पिणाऱ्याचा निर्णय मात्र येथेही दुसऱ्यानेच केला.

मग पिणाऱ्याची स्वतःची भाषा कोठे शोधावी? बोलीत. दारूबंदीच्या काळात हातभट्टीच्या अड्ड्यावर माणूस ‘नवटाक’ मागे, ‘पावशेर’ मागे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, शेर बाजारातून गेला, वाण्याच्या दुकानातून पावशेर गेला. अड्ड्यावर मात्र नवटाक राहिली. ‘मी नवटाकवाला’ असे सांगणारा मनुष्य आपली मर्यादा सांगत असे, आणि ‘हल्ली पावशेरावर गेलाय’ हे वाक्य त्याच्याविषयी शेजारी काळजीने उच्चारीत. दप्तराला जे माप ठाऊक नव्हते ते या लोकांपाशी होते. समाजशास्त्रीय शब्दकोश करणाऱ्यांनी हे शब्द वेळीच टिपले पाहिजेत, कारण ते वापरणारी पिढी झपाट्याने नाहीशी होत आहे.

कागदपत्रांच्या बाजूने आणखी एक वाट सुचवावीशी वाटते. वार्षिक परवान्याच्या नोंदवह्या ज्या ज्या कार्यालयांत शिल्लक असतील तेथे अभ्यासकाने दिलेल्या परवान्यांची संख्या मोजू नये; न नूतनीकरण झालेल्या परवान्यांची मोजावी. एका वर्षी परवाना काढून पुढच्या वर्षी जो परत आला नाही त्याच्या नावापुढे रकाना रिकामा राहतो. तो मेला असेल, गाव सोडून गेला असेल, शेजारच्या अड्ड्यावर जाऊ लागला असेल, किंवा त्याने कमी केली असेल.